उलट्या क्रमांकांची पेटी

अहो, सप्रेम नमस्कार.

मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी लेकीच्या प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत एका निरपराध बाईला फाडून खाल्लं.

माझी तब्येत उत्तम, गुडघाही कुरकुरत नाही. तुम्ही गोळ्या घेताय ना?

इथे उंदराच्या गर्भातल्या मेंदूचे पातळ काप रंगवतात. लेक ज्या जनुकाचा अभ्यास करते, ते मेंदूच्या वरच्या थरात पुढे जास्त काम करतं, मागे कमी; जिथे काम जास्त, तिथे रंग गडद. म्हणजे पुढचे काप गडद दिसायला हवेत. दिसले मागचे! मी काप करणाऱ्या बाईंना विचारलं, "डोळे आहेत की बटणं?" त्या एवढंच म्हणाल्या, "मावशी, बघते."

नंतर लक्षात आलं, काप ठेवलेल्या पेटीतल्या काचांवर क्रमांक मीच घातले होते, हौसेनं मदत म्हणून, पुढून मागे घालायचे ते मागून पुढे. अक्षर माझंच, कॉन्व्हेंटचं, वळणदार.

लेकीला खरं सांगितलं. "काप शाबूत आहेत गं आई," म्हणाली. पण त्या बाई २४ तारखेला हे काम सोडून दुसरीकडे चालल्यात. रोज त्यांच्या टेबलापर्यंत जाते आणि तशीच परत येते.

चाळीस वर्षं तुम्ही माझी माफी मागत आलात, बहुतेकदा चूक माझी असताना. ती कशी मागतात, ते २२ तारखेच्या आत लेखी कळवा.

तुमचीच,
खाली मान घातलेली