पाणथळीचे गेट इतक्यात न उघडण्याबाबत

प्रति,
मा. क्षेत्र अधिकारी,
पाणथळ पक्षी अभयारण्य,
दक्षिण प्रवेशद्वार कार्यालय.

अर्जदार : छायाचित्रकाराची पत्नी, राहणार फोटो स्टुडिओच्या वरचा मजला.

विषय : विणीच्या हंगामातील प्रवेशबंदी ठरल्या तारखेस न उठवता पुढे चालू ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) सदर बंदी ताबडतोब उठवावी, असे अर्जदाराचेच आधीचे दोन अर्ज.
२) अर्जदाराच्या पतीच्या नावे आलेली आपल्या कार्यालयाची नोटीस.

महोदय,

उपरोक्त संदर्भ व विषय एकमेकांच्या विरुद्ध आहेत, याची अर्जदारास जाणीव आहे. आपल्या आवक लिपिकांनी हा अर्ज हातात घेताच, "बाई, तुम्हाला गेट उघडून हवंय की बंद? एकदा काय ते ठरवा," असे सुनावले. त्यांचे म्हणणे रास्त असल्याने सर्व हकीकत सविस्तर सादर करीत आहे.

१. अर्जदाराचे पती व्यवसायाने छायाचित्रकार होते. दिवसभर ओळखपत्रांचे फोटो काढायचे, "मान सरळ, हसू नका" म्हणायचे, आणि वर्षातून दोनदा दुकानाला कुलूप लावून रानोमाळ पक्ष्यांमागे जायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. लग्नानंतरचा पहिला प्रवास त्यांनी अर्जदारास मिठागरात घडवला. पाऊस आला की छत्री आधी कॅमेऱ्यावर, मग स्वतःवर, आणि उरली तर बायकोवर. "मला एक सवत आहे आणि तिला पंख आहेत," असे अर्जदार मैत्रिणींना सांगत असे. तरीही प्रत्येक प्रवासात कॅमेऱ्याची तिपाई अर्जदारानेच वाहिली. समुद्रकड्यांवर, ओसाड पठारांवर, बर्फात अडकलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये दोघांनी एकाच थर्मासातला चहा प्यायला. तक्रार म्हणून हे लिहिलेले नाही. असा संसार सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

२. आपल्या पाणथळीत ते करड्या क्रौंचांच्या जोडीसाठी आले होते. परवाना रीतसर होता. पहाटेच्या धुक्यात दोघे फळ्यांच्या वाटेच्या टोकाशी कापडी आडोसा लावून बसले. मादी अंड्यांवर बसलेली होती. वाऱ्याने आडोसा सुटला आणि घरट्याच्या दिशेने घसरत निघाला. कापड फडफडले तर पाखरू उठेल, म्हणून पती तो धरायला खाली उतरले. जमीन दिसत होती ती जमीन नव्हती. पाण्यावर तरंगणारा गवताचा थर होता आणि खाली खोल, गार पाणी. ते छातीपर्यंत आत गेले.

अर्जदाराने तिपाई पुढे केली. त्यांनी तिचा पाय घट्ट धरला. अर्जदार ओढू लागली तसे तिपाईचे खटके सुटले आणि पाय एकातून एक लांब होत गेले. अर्जदार मागे सरकत होती, पण ते जागचे हलत नव्हते. त्या वेळी ते हळू आवाजात म्हणाले, "ओरडू नकोस गं, ती अंड्यांवर बसलीय." अर्जदार जिवाच्या आकांताने ओरडली. दोन्ही पक्षी उडाले. तिपाईची शेवटची नळी निसटली आणि गवत पुन्हा मिटले. पाहणाऱ्याला वाटावे, इथे कधी कोणी उभेच नव्हते.

३. आपल्या माणसांनी होडी आणि बांबू घेऊन शोध घेतला, त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे. परंतु क्रौंच घरट्यावर परतले, बंदी लागू झाली आणि शोध थांबला. बंदी उठवावी म्हणून अर्जदाराने दोनदा अर्ज केला. विणीच्या काळात मानवी हालचालीस परवानगी देता येत नाही, असे उत्तर दोन्ही वेळा आले. अर्जदारास त्याचा राग आला. पतींना आला नसता, हे समजल्यावर अधिकच आला.

४. त्यानंतर संदर्भातील नोटीस घरी आली. सदर इसम परवान्याची मुदत संपूनही क्षेत्राबाहेर आल्याची नोंद नाही, सबब प्रवेशबंदीच्या काळात आत राहिल्याबद्दल त्यांनी समक्ष हजर राहून खुलासा करावा, असा तिचा मजकूर आहे. ही छापील नोटीस असून त्यात फक्त नाव भरलेले आहे, हे अर्जदारास कळते. भरणाऱ्याने मुद्दाम काही केले नसावे. परंतु ती अर्जदाराच्या हाती पडण्याआधी सासूबाईंच्या हाती पडली.

५. सासूबाईंविषयी, म्हणजे अर्जदार ज्यांना आई म्हणते त्यांच्याविषयी, थोडे लिहिणे भाग आहे. त्या निवृत्त परिचारिका आहेत. सारा जन्म रुग्णालयाच्या वॉर्डात गेला. अर्जदाराने घडला प्रकार सांगितला त्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या, मग उठून मुलाच्या कपड्यांच्या एकेक करून घड्या घातल्या. रडल्या त्या अर्जदार झोपली असे समजून. त्यांनी मान्य केले होते, महोदय. सावकाश का होईना, दोघी त्या दुःखाशी जुळवून घेत होत्या.

नोटीस वाचून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, सरकार मेलेल्या माणसाला समक्ष बोलावतं का?"

अर्जदाराने पुन्हा सगळे सांगितले. गवत, पाणी, तिपाई, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "तू खोटं बोलतेस असं म्हणत नाही मी. पण घाबरलेल्या माणसाला दिसतं एक आणि असतं एक. आमच्या वॉर्डात डॉक्टरांचा कागद आल्याशिवाय कुणी गेलं असं म्हणायचं नाही. तो गेल्याचा कागद आहे तुझ्याकडे?"

नव्हता. मृतदेह नाही म्हणून दाखला नाही. तो आत आहे असे सांगणारा कागद मात्र होता आणि त्यावर आपल्या कार्यालयाचा गोल शिक्का होता.

६. दुसऱ्या दिवशी सासूबाई एकट्या बसने आपल्या दक्षिण गेटवर गेल्या. तिथे एकच पहारेकरी असतात; त्यांना त्यांनी नोटीस दाखवली आणि विचारले, "माझा मुलगा आत आहे ना?" पहारेकऱ्यांनी नोटीस वाचली, मग आईंकडे पाहिले, आणि म्हणाले, "आहेत आजी, आत आहेत. पाखरं उठतील म्हणून हाक मारता येत नाही."

आई घरी आल्या आणि पोटभर जेवल्या. किती तरी दिवसांनी.

तेव्हापासून त्या रोज डबा घेऊन जातात. पहारेकरी डबा ठेवून घेतात आणि आदल्या दिवशीचा घासून परत देतात. अर्जदारास हे कळले तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची तक्रार करायचीच, या निश्चयाने ती गेटवर पोहोचली. पाहते तो पहारेकऱ्यांच्या खुर्चीत आई बसलेल्या, पहारेकरी शेजारी उभे, आणि दोघे गवताकडे बघत बोलत होते. आई दबक्या आवाजात सांगत होत्या, "लहानपणी याला जेवायला बोलवून बोलवून घसा बसायचा. आता तर काय, मोठाच झाला." अर्जदार कोपऱ्यावरूनच परत फिरली. तरी पहारेकऱ्यांवर कोणतीही कारवाई करू नये आणि त्यांची बदलीही करू नये, ही पोटविनंती.

७. अर्जदाराने आजवर कुणाच्या नावे खोटा कागद केला नव्हता. आता केला आहे, तोही सांगून टाकते. खुलाशाची मुदत संपत आली तेव्हा आईंनी धोशा लावला, "त्याला सवड नाही, तर तू तरी मुदत वाढवून घे. दंड नको लागायला." अर्जदाराने पतीच्या नावे मुदतवाढ मागितली. कारणाच्या जागी 'छायाचित्रण अपूर्ण' असे लिहिले. आपल्या कार्यालयाने ती मंजूर केली. आईंनी ते पत्र शेजारणीला वाचून दाखवले. त्या रात्री अर्जदाराने स्टुडिओत जाऊन दार लावून घेतले आणि पती गेल्यापासून प्रथमच मोकळेपणाने रडली, कारण क्षणभर तिलाही ते खरे वाटले होते.

८. आता मूळ मुद्दा. बंदी उठण्याची तारीख गेटवर रंगवलेली आहे आणि ती आईंना पाठ आहे. "त्या दिवशी तू पण चल. आपण त्याला घेऊनच येऊ," असे त्या म्हणतात. मुलाचा इस्त्रीचा शर्ट त्यांनी पिशवीत भरून ठेवला आहे.

आईंच्या पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी ते अर्जदारास बाजूला घेऊन सांगितले, पण आईंना आधीच माहीत होते. स्वतःचे पोट चाचपून त्यांनी ओळखले होते. "माझं काही नाही गं. तो येईपर्यंत तग धरला म्हणजे झालं," एवढेच त्या बोलल्या. डॉक्टरांच्या मते शरीर पार थकले आहे, फार दिवस काढणार नाही. गेल्या आठवड्यापासून त्या बसच्या पायऱ्या चढू शकत नाहीत, म्हणून अर्जदार त्यांना रिक्षाने नेते. गेटवर अर्जदारही आता गवताकडे बघत उभी राहते. पहारेकरी मान खाली घालतात.

महोदय, आपण गेट उघडलेत तर आई आत जातील. तिथे कोणी नाही हे पाहतील, किंवा होडीवाल्यांना जे सापडेल ते पाहतील. दोन्हींपैकी काय वाईट, हे अर्जदारास ठरवता येत नाही. हीच होडी अर्जदाराने दोनदा मागितली होती आणि तिला ती अजूनही हवी आहे. पती पाण्याखाली आहेत आणि त्यांना बाहेर काढायचे आहे, हा विचार एकही रात्र सुटलेला नाही. परंतु पतींना आता थांबता येते. आईंना येत नाही.

सबब विनंती की, पिल्ले अद्याप उडालेली नाहीत किंवा आपणांस योग्य वाटेल ते अन्य कारण दाखवून बंदी पुढे चालू ठेवावी आणि गेटवरील तारीख पुसून टाकावी. आई गेल्या की अर्जदार त्याच दिवशी कार्यालयात येऊन कळवील. मग गेट उघडावे, होडी द्यावी. जागा अर्जदार दाखवील, आणि जे निघेल ते एकटी ओळखेल. तोवर कोणी चौकशी केली, तर ते आत आहेत एवढेच सांगावे. ते खोटेही नाही.

आपल्या होकाराच्या आशेवर असलेली,

(सही)
छायाचित्रकाराची पत्नी
दिनांक : ९ ऑगस्ट

सोबत : १) डॉक्टरांचा दाखला.
२) नोटिशीची छायाप्रत. मूळ प्रत आईंकडे असून ती मागता येत नाही.