गव्हाकडची घडी

मुरुड, १८ मार्च

चि. सुकन्यास रामलिंगमामाचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळे ठीक. तू वेळेवर जेवतेस का, ते आधी कळव. फोनवर नुसतं हूं-हूं करतेस, म्हणून लिहूनच काढतो.

गहू निघाला. प्रकाशसंश्लेषण मी पुस्तकं मागवून, एकट्यानं समजून घेतलंय. मला कुणी शिकवू नये. शेंड्याचं पान जितके दिवस हिरवं, तितका दाणा भरतो. पूर्वेच्या वाफ्यात आपल्या नेहमीच्या गव्हाचं ते पान उन्हानं करपलं. पश्चिमेला तुझ्या नव्या वाणाचं मात्र शेवटपर्यंत हिरवं! हजार-हजार दाणे सोनाराच्या काट्यावर ठेवले: नेहमीचा चौतीस ग्रॅम, तुझा बेचाळीस. शेजारचा बसवंत मला ‘पुस्तकी काका’ म्हणतो, तोच काल बी मागून गेला.

रानडुकरं पश्चिमेच्या ओढ्यातून येतात, म्हणून गहू निसवून ओंब्या बाहेर पडल्यापासून त्या बाजूला साड्या बांधल्या होत्या. एक ओंबी गेली न्हाई. मामीनं तेव्हा काढलेला फोटो सोबत आहे. आकडा तुझ्या प्रबंधाच्या सरांना दाखव. मामीच्या हिशेबानं तू डॉक्टर झालीच.

लोभ भरल्या ओंबीसारखा असू दे.
तुझा रामलिंगमामा

नांदेड, २४ मार्च

ती. मामांस सुकन्याचा सा. न. वि. वि. जेवण वेळेवर चालू आहे, काळजी नसावी.

इथल्या शेतात तोच वाण नेहमीच्या गव्हासारखाच करपला. मुरुडचा आकडा चांगला आला तरच प्रबंध टिकेल, असं सरांनी सांगितलं होतं. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते. त्यामुळं तुमचं पत्र वाचून मी प्रयोगशाळेत अक्षरशः नाचले. मग फोटो बघितला.

मामा, त्यात उन्हं कललीत आणि साड्यांची सावली सगळी माझ्या वाफ्यावर पडलीय. पूर्वेचा वाफा उन्हात. पान वाणामुळं हिरवं राहिलेलं नाही, कडक उन्हाच्या वेळी ते सावलीत होतं. सरांना सांगितलं, तर त्यांचं म्हणणं, साड्या कुणाला दिसणार आहेत?

मला दिसतात. मधली हिरवी इरकल आईची आहे. आई गेल्यावर तिच्या साड्यांचं मामीला विचारलं, तर ती चहा टाकायला उठली होती.

आकडा मी दिलेला नाही. रागवाल, तरी माया कमी करू नका.
आपली सुकन्या

मुरुड, ३० मार्च

चि. सुकन्यास आशीर्वाद.

पत्र वाचून राग आला, खोटं कशाला लिहू. मला गहू शिकवते म्हणून दोन दिवस पुस्तकंच उलटत बसलो. काल साड्या होत्या तशाच पुन्हा बांधल्या आणि उन्हं कलेपर्यंत बांधावर बसलो. कडक ऊन असेतो सावली तुझा वाफा झाकून त्याच्या पूर्वेच्या कडेपर्यंतच येते. पलीकडं बोटभर न्हाई. तुझं खरं हाय.

बसवंतला बी देणार न्हाई म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मंग काका, साड्याच द्या पेरायला. हसू द्या त्याला.

तुझ्या आईच्या, सिंधूच्या साड्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघवल्या नसत्या, पेटीत कसर लागली असती. तुझ्या गव्हाला राखण म्हणून मीच बांधल्या. गेलेल्या बहिणीला लेकीसाठी अजून काय करता येणार होतं? तुला सांगायला जीभ रेटली न्हाई. मामीला बोल लावू नको.

जूननंतर पैसे न्हाईत म्हणून घरी बसू नको, इकडं ये. यंदा साड्यांऐवजी तार लावतो, वाफे तू आख. इरकल धुऊन उद्याच्या नांदेड गाडीनं पाठवतो.

मामावर राग धर, पण लोभ सोडू नको.
रामलिंगमामा

ता. क. इरकल दुहेरी घालून बांधली होती. उन्हाकडची घडी पांढरी पडलीय. गव्हाकडची अजून हिरवी हाय.