गोल्डफिश तळाशी का बसला?

गुरुवार, संध्याकाळ, बोईसर

परवा आणलेला गोल्डफिश आजही टाकीच्या तळाशीच बसून. दाणे टाकले तरी वर येईना. या भाड्याच्या खोलीत माझ्या सोबतीला एवढाच जीव, आणि तोही असा. थंडी वाजत असेल? घाबरला असेल? की माझंच काही चुकलं?

चिंचणीहून दारावर मासळी घेऊन येणाऱ्या हिराकाकू आज टोपली उतरवून टाकीसमोरच बसल्या. म्हणाल्या, "त्याचे कल्ले बघ, किती भराभर हलतात. धाप लागली हाय त्याला. पानी कुठलं?"

नळाचं. रोज सकाळी बदललेलं, थेट नळाचं! वाकून वास घेतला, तर पाण्याला क्लोरीनचा, त्या जंतुनाशक औषधाचा वास. कल्ले दोन दिवस मलाही दिसत होते की! मग कळलं कसं नाही?

कुंड्यांसाठी कालपासून भरून ठेवलेली बादली होती; उघड्यावर राहून तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला. तिच्यातलं घालून टाकीचं अर्धं पाणी बदललं. तासाभरात कल्ले संथ झाले, आणि मासा हळूच वर आला.

काकू अजून तिथेच. म्हटलं, "उठा काकू, तुमची मासळी विकायची राहिली."

"थांब गो. जनम गेला मासे विकन्यात, पन असं निवांत बसून जिता मासा कदी बघितलाच नाय."