सालीचं पेटंट

६ जानेवारी, काटेवाडी

पोचले एकदाची. खोली पाहिली आणि जीव भांड्यात पडला. भिंतींना ताजा चुना, फरशी चकचकीत, आणि मोरीच्या जाळीत कुणाचा एक केस नाही. दुसऱ्याचा केस दिसला की माझं जेवण तिथेच संपतं. आई म्हणते, केमिस्ट्री शिकून उपयोग काय, हिला दुधावरची साय बघून शहारे येतात! येतात तर येतात.

घरमालकीण द्वारकाबाई, साठीच्या पुढच्या, एकट्या राहतात. माझ्याच नव्या कंपनीत कामाला आहेत. उद्यापासून माझ्या स्कूटीवर मागे बसून एमआयडीसीत येणार, बदल्यात सकाळची भाकरी त्यांची. सौदा झकास आहे. एक मात्र नवल वाटलं. बाईंचा चेहरा उन्हाने रापलेला, सुरकुत्याच सुरकुत्या, आणि हात नव्या नवरीचे! नितळ, गुलाबी, एक भेग नाही. जन्मभर उसाचा पाला आणि शेण उचललेल्या बाईचे हे हात? विचारलं तर हसल्या. "आमच्या कंपनीचं औषध हाय. तुला बी मिळंल की, पोरी."

जेवण उत्तम. झोप येतेय. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी लावून पोरं चाललीत, तीही आज गोड वाटतायत.

८ जानेवारी

कंपनी लहान, पण डोकं मोठं. मालक मानसिंगराव इंदापूरकडचे. वडील गुऱ्हाळावर गुळव्या होते. ऊस गाळून कारखान्यात जो काळा गाळ उरतो त्यातून हे मेण काढतात, डेअरीत पनीर करून उरलेलं पाणी त्यात मिसळतात आणि त्या पातळ लेपात डाळिंब बुडवतात. सालीवर कागदाहून पातळ पापुद्रा बसतो. मग तीन महिने साल अशी, की जणू आत्ता झाडावरून काढलं. लेपाचं नाव 'नितळ'. पेटंट गेल्याच वर्षी मिळालं. आता हाच लेप माणसांसाठी क्रीम म्हणून बाजारात आणायचा आहे. त्याच्या पेटंटचा अर्ज तयार करायचा, चाचण्या करायच्या, म्हणून मी. मी तासगावची. द्राक्षं बुडवून बेदाणे करणाऱ्यांत वाढले, तेव्हा बुडवण्याचं मला काय कौतुक?

कौतुक वाटलं ते परीक्षेचं. लेपाच्या एका कढईला इथे आदण म्हणतात, गुऱ्हाळातल्यासारखंच. ते जमलं की नाही हे यंत्र सांगत नाही, हात सांगतो. गुळव्या कसा गार पाण्यात हात बुडवून पाकाची गोळी वळून बघतो, तसंच. मनगटापर्यंत हात गार पाण्यात, मग लेपात, मग पंख्यापुढे. मूठ वळून पापुद्र्याला सुरकुती पडली नाही, तर आदण जमलं. आणि नवं माणूस आलं की पहिल्या आदणाला त्याचा हात लावायचा, हा इथला मान. मी हातमोजे मागितले तर सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मोज्याला काय कळतंय, म्हणाल्या. पहिल्याच दिवशी नखरेल म्हणून नाव पडायला नको, म्हणून दिला हात. उजव्याने लिहायचं असतं, तेव्हा डावा दिला. आधी गार वाटलं, मग काहीच वाटलं नाही. सुरकुती पडली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

१४ जानेवारी

संक्रांत. डाव्या हाताकडे बघतच बसावंसं वाटतं, इतका देखणा झालाय. पापुद्रा साबणाने निघत नाही, घासून निघत नाही. न निघणं हेच तर आमचं पेटंट! द्वारकाबाईंनी डबीभर लेप आणून दिला, तो टाचांना आणि तोंडालाही लावला. दर हिवाळ्यात माझे गाल उलतात. यंदा लोण्यासारखे आहेत.

दुपारी कासारीण आली. तिने माझा डावा हात घेतला, दाबला, आणि नेहमीच्या मापाहून कितीतरी लहान बांगड्या सरकन चढल्या. दुखलं नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, बाई, काय मऊ हात! कासारणीने मात्र एकदम हात सोडला. बोटं पदराला पुसली, पुन्हा पुसली, आणि माझा उजवा हात न भरताच टोपली उचलून गेली. तिच्या बोटांचे खड्डे संध्याकाळपर्यंत माझ्या हातावर होते, कणकेवर राहतात तसे. थंडीने सूज आली असेल.

२२ जानेवारी

शी! शी! तीनदा आंघोळ केली तरी वास जात नाही.

आज साठवणीच्या खोलीत गेले. जुनी डाळिंबं मांडणीवर ओळीने ठेवलेली, सगळी लालबुंद. त्यांचा रंग बघतात, वजन बघतात, सालीचा ताठपणा बघतात. कापून बघितलेलं कुणाला आठवेना. मी सुरी लावली मात्र, फळ फचकन फुटलं. आत दाणा म्हणून नव्हता. काळा, तार सुटणारा लगदा, आणि त्यात पांढऱ्या बिया दातांसारख्या. ते सगळं मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. आंबलेल्या काकवीचा वास आणि त्याच्या खाली मेलेल्या उंदराचा. मी तिथेच भडाभडा ओकले. द्वारकाबाईंनी सगळं आपल्या हातांनी निपटून काढलं, नाक न मुरडता.

तशीच मानसिंगरावांकडे गेले. म्हटलं, साल बंद झाली की आत हवा जात नाही, फळ आतल्या आत कुजतं, आणि आपण हे लोकांना विकतो? माझ्या कपड्यांना तो वास होता, त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. गिऱ्हाईक डोळ्यानं घेतं, म्हणाले. आणि वर हेही: "पेटंट सालीचं हाय, ताई. आतल्या दाण्याचा दावा आपण कवा केलाय?"

असल्या माणसाचा पगार मला नको. शनिवारी राजीनामा देणार.

२९ जानेवारी

राजीनामा दिला नाही. का, ते लिहिते.

सकाळी तवा उतरवताना डावा हात तापल्या कडेला टेकला. मला कळलंच नाही. द्वारकाबाईंनी हात बाजूला केला तेव्हा कळलं. भाजल्याची खूण नाही, फोड नाही. त्या हाताला आता घाम येत नाही. नखं वाढत नाहीत. माश्या मात्र येतात. उजव्या हातावर एक बसत नाही आणि डाव्यावर थवा, आत शिरायला जागा शोधत फिरतात. आणि उशीचे वळ. सकाळी गालावर उमटतात आणि दुपारी ऑफिसात आरशात बघावं तर तिथेच. बोटाने वर ओढून गाल सारखा केला. केला तसा राहिला. बेसिनमध्ये ओकले.

डाळिंबाला जे झालं ते मला होतंय. लिहून टाकलं एकदाचं. हा पापुद्रा कशाने निघत असेल तर ते मानसिंगरावांनाच ठाऊक असणार. तो काढल्याशिवाय मी इथून जाणार कुठे?

२ फेब्रुवारी

अंगणात द्वारकाबाई बाभळीचं जळण मोडत होत्या. अंगठ्यात काटा गेला. रक्त आलं नाही. काळं पाणी आलं. आधी थेंब, मग धार, आणि तोच वास. अंगठा बघता बघता रिकामा झाला, नुसती गुलाबी पिशवी लोंबत राहिली. मी किंचाळले. त्यांनी दातांनी चिंधी फाडून करकचून बांधली आणि म्हणाल्या, "काय न्हाय हुत. दुसऱ्या आदणात हात घातला की बंद हुतंय."

किती वेळा घातलाय हात, विचारलं. त्यांनी पोलक्याची बाही वर केली. खांद्यापर्यंत नितळ. म्हणाल्या, लेपाच्या आत ते वर वर चढत जातं. लेपाच्या पुढे गेलं की काही दिवसांत तिथून गळायला लागतं. म्हणून लेप पुढे पुढे न्यायचा.

याच हातांनी थापलेली भाकरी मी महिनाभर खाल्ली. चवीने खाल्ली. वर तूप मागून घेतलं.

४ फेब्रुवारी

रॉकेल लावलं. स्पिरिट, चुना, कढत तेल. काही नाही. कशानेच निघत नाही, याची चाचणी मीच करून अहवालाखाली सही केली होती.

बारामतीत डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, त्वचा उत्तम आहे, काय लावता? डाव्या मनगटावर नाडी शोधत राहिले. मग हवा कोरडी आहे, म्हणाले, आणि रक्त तपासायला सुई काढली. सुई बघून मी पळाले. रस्त्यावर येऊन रडले. डोळ्यांतून पाणी आलं, साधं पाणी. ते बघून आणखी रडले.

टोचलं तर सगळं बाहेर येणार. नाही टोचलं तर वर चढणार. आज कोपराच्या वर दाबून पाहिलं. खड्डा पडला.

६ फेब्रुवारी

मानसिंगरावांच्या पाया पडले. म्हटलं, काढा हे.

निघत न्हाय, म्हणाले. मग शर्टाच्या गुंड्या काढल्या. पन्नाशीच्या माणसाची छाती तान्ह्या पोरासारखी, एक केस नाही. पोटात बोट घातलं. पेरापर्यंत आत गेलं. चिखलातून पाय उपसावा तसा आवाज झाला. खड्डा भरून आला नाही, त्यांनीच तळव्याने लिंपून सारखा केला.

सबंध अंग बुडवून त्यांना वर्ष झालंय. भूक नाही, घाम नाही, आजार नाही. म्हणाले, पहिल्यांदा मी बी लई ओकलो. मग ओकणं थांबलं, किळस गेली आणि समदं सोपं झालं. साल पुरती असली की आतलं कुठं जातंय? रविवारी मोठ्या टाकीत आदण आहे. द्वारकाबाई उतरणार. माझीही जागा धरलीय. नंतर फोटो काढायचाय, क्रीमच्या डबीवर माझाच चेहरा.

घरी येईपर्यंत दोनदा ओकले. बरं वाटलं. ओकारी येते म्हणजे मी अजून आहे. ती येतेय तोवर टाकीत उतरणार नाही.

रविवार

गेले नाही. कडी लावून बसले. द्वारकाबाई गेल्या.

संध्याकाळी आल्या. खिडकीच्या फटीतून पाहिलं. चेहऱ्यावर सुरकुती नाही. दारात उभ्या. हाक मारत होत्या, ओठ न हलवता. पोरी, उघड. लई बरं वाटतंय. माश्यांचा आवाज दाराबाहेर—

ओकले. पण थोडंच.

सोमवार

गाल खाली आलाय. वर लावते, खाली येतो. भूक नाही.

काल खाल्लेलं नव्हतं, तरी पोटात काहीतरी हिंदकळतं.

जुनी उलटी बादलीत होती. बघितली. काही वाटलं नाही. मुद्दाम वाकून वास घेतला— काही नाही—

देवा, किळस येऊ दे.

मंगळवार की—

केस पाहिला मोरीत. माझाच. टाळूचं कातडं चिकटलेलं. उचलला. हातात धरून बसले.

साय आठवली. उंदीर आठवला. भाकरी, ते हात. काही नाही. काही नाही.

एकदा. एकदाच येऊ दे. डाव्या हाताचं बोट घशात घालते, पार आत, लहानपणी आई घालायची तसं, म्हणजे येईलच—

दात लागला. साल फुटली तोंडात—

गिळलं गेलं—

येत नाही ओकारी. येत नाही. गोड आहे. काकवीसारखं. अजून थोडं—