नववी-कचं मंत्रिमंडळ

बडोदे, ६ जुलै १९९८

ती. स्व. दादास,
निरुपमाचा शि. सा. नमस्कार. तुझी पाठ आता बरी असेल. नसेल तर वहिनीचं ऐक आणि ऑफिसातली ती खुर्ची बदलून घे.

यंदा नववी-कच्या वर्गाला ‘विकसनशील देशांपुढील समस्या’ हा धडा वाचून दाखवायचा नाही, असं मी ठरवलंय. मुलं पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. मे महिन्यातल्या शिक्षकांच्या शिबिरात सांगितलं की आधी प्रश्न पुढ्यात टाकावा आणि उत्तर मुलांनाच शोधू द्यावं. म्हणून वर्गाचं मंत्रिमंडळ केलंय. उद्योगमंत्री आहे पाणीगेटची रूपाली. ती बोलायला लागली की आमच्या मोठ्या बाईसुद्धा खुर्चीत सरळ बसतात. तुझा जन्म आजारी कारखान्यांचे अहवाल लिहिण्यात चाललाय, तेव्हा एखादा खराखुरा प्रश्न पाठव. नावगाव मी बदलीन.

उत्तराला उशीर केलास तरी लोभ कमी होणार नाही, पण बोलणी बसतील.
तुझी निरू

मुंबई, १४ जुलै

चि. निरूस अनेक आशीर्वाद.
मंत्री नेमलेस, आता त्यांना बंगले कुठून देणार?

प्रश्न असा. एका गरीब देशात सरकारी मालकीची जुनी कापडगिरणी आहे. माग झिजलेत, दरवर्षी तोटा होतो. तोच पैसा वळवला तर कितीतरी खेड्यांत दवाखाने निघतील. गिरणी चालवावी की बंद करावी? तपशील सोबत जोडलाय. मुलं काय ठरवतात ते मात्र नक्की कळव. त्यांना कुणाची भीड नसते, म्हणून मला ते ऐकायचंय.

घरी सर्वांना यथायोग्य. या म्हाताऱ्या भावावर माया असू दे.
दादा

बडोदे, ३ ऑगस्ट

ती. स्व. दादास शि. सा. नमस्कार.
बंद केली रे गिरणी! मुलं खंडेराव मार्केटजवळच्या दुकानदारांना विचारून आली की गिरणीचं कापड आता कोण घेतं. एक गट सरकारी दवाखान्यात जाऊन बसला. मग रूपालीने मांडलं की आजारी माणसाला औषध मिळत नसताना देशाने मोडकं यंत्र सांभाळू नये. सगळ्यांचे हात वर गेले. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. इतक्या वर्षांत असा तास झाला नव्हता.

तुझ्यामुळे झाला. तेव्हा लोभ दुप्पट.
निरू

बडोदे, २१ सप्टेंबर

ती. स्व. दादास नमस्कार.
आपल्या इथली गिरणी बंद झाली, ते तुझ्या कानावर असेलच. रूपालीचे वडील जगदेवराव तिथेच फिटर होते. हे मला माहीत होतं, पण वर्गातली गिरणी मला कुठल्यातरी दूरच्या देशातली वाटत राहिली.

रूपाली शाळेत येत नाही. पेपरात गिरणी बंद करण्याची कारणं छापून आली, ती तिने वाचली. एकेक कारण तिने वर्गात बोललेलं. तिने वडिलांना जाऊन सांगितलं की गिरणी मी बंद केली. ते हसले, पोरांच्या खेळाने गिरण्या बंद होत नाहीत म्हणाले. तिला ते पटत नाही. ती त्यांच्या पंक्तीला जेवायला बसत नाही. मी घरी गेले तर म्हणाली, बेन, आता मी पुन्हा कधी वर्गात तोंड उघडणार नाही. मला फार अपराधी वाटतं रे.

सरळ विचारते. तो प्रश्न कुठल्या गिरणीचा होता?
निरू

मुंबई, २६ सप्टेंबर

चि. निरूस आशीर्वाद.
त्याच गिरणीचा. अहवाल जुलैतच लिहून झाला होता, पण सही करवत नव्हती. तुझं ऑगस्टचं पत्र आलं आणि त्याच दिवशी सही केली. मुलांनाही जे दिसतं त्याला मी का कचरतो, असं वाटलं. कारणं माझीच होती, तपशिलात मीच पाठवलेली.

तेव्हा वर्गातल्या खेळाने काही झालं नाही, असं रूपालीला सांगू नकोस, ते खोटं होईल. पण सही माझी आहे, हे सांग. अहवाल चुकला असं मला आजही वाटत नाही. तरी झोप लागत नाही.

लोभ मागायला आज तोंड नाही.
दादा

बडोदे, ७ ऑक्टोबर

आदरणीय काकांस,
रूपाली जगदेवराव हिचा सा. नमस्कार. तुमचं पत्र बेननी आमच्या घरी येऊन वाचून दाखवलं. मला रडू आलं. मग राग आला, तुमचा. त्या दिवशी मी बाबांबरोबर जेवले.

बाबा म्हणाले की माग झिजले होते हे त्यांनाही दिसत होतं. पण एवढं ठरत होतं तर कुणीतरी एकदा आत येऊन विचारायला हवं होतं.

मी सोमवारपासून शाळेत जाते. बेन तोच प्रश्न वर्गात पुन्हा घेणार आहेत. या वेळी मी मंत्री होणार नाही, कामगारांच्या बाजूला बसणार आहे. बाबाही येणार आहेत. उद्योगमंत्री व्हायला मात्र वर्गात कुणीच तयार नाही. तुम्ही याल का?

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. ते मी तुम्ही आल्यावर म्हणेन.
रूपाली