विमानातली दोरी

११ जाने., रविवार

अण्णाने आज काच वाकडी कापली.

चाळीस वर्षं शुक्रवार पेठेत बसून लोकांच्या फोटोंना चौकटी करतोय, कुणाच्या आजोबांचा कोपरा कधी तिरका गेला नाही. मी चहा घेऊन दुकानात गेले होते. म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणे, काच खराब आली. मग मोजपट्टी उचलायला हात घातला तो पट्टीच्या शेजारी, नुसत्या टेबलावर.

उजवा डोळा नवव्या वर्षीच गेलेला. जे आहे ते सगळं डाव्यावर. दोन दिवस झाले म्हणे, कोपऱ्यातून कुणी काळा पडदा ओढत आणल्यासारखं होतंय.

"आणि बोलला नाहीस?"

"बोलून काय? तू येऊन पडदा सारणार होतीस होय?"

तोंडाला कधी हार नाही गाढवाच्या. वहिनीला सांगायचं काम माझ्या गळ्यात. ती चुलीशी, म्हणजे गॅसशी, भाकऱ्या थापत होती. ऐकलं आणि हातातली भाकरी तशीच परातीत ठेवली. भाकरी वाया घालवणारी बाई नव्हे ती.

१२ जाने., सोमवार

डॉक्टरांनी बाटलीभर थेंब घातले, दिवा मारला, बराच वेळ बघितलं. डोळ्याचा आतला पडदा सुटायला लागलाय. या आठवड्यातच मुंबई. ऑपरेशन. "दिसेल ना?" मी विचारलं. "करू या, बघू या," म्हणाले. 

एकच डोळा आहे हो त्याला. देवा, एकच आहे.

डॉक्टर म्हणाले, जाताना विमानाने जा, आता आपल्या सोलापूरहून सुरूच झालंय. येताना मात्र अजिबात नको. ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायू भरतात, वर गेलं की तो फुगतो. आगगाडीने सावकाश या. मला हसूच आलं. लहानपणी मद्रासच्या डॉक्टरांनी बरोब्बर उलटं सांगितलं होतं: आगगाडीचे धक्के नकोत, पोराला विमानानेच न्या.

विमान म्हटल्यावर अण्णाचा चेहरा बघायला हवा होता. डोळा जातोय आणि हा विचारतोय, "डॉक्टर, पुढं पायलटजवळ जाऊ देतात का हो अजून?"

बाहेर आल्यावर मी ओरडले. "तुला काही लाजबीज?"

"एकदा बघितलंय, परत एकदा बघावं म्हटलं," म्हणाला.

झालं. आमचं पन्नास वर्षांचं भांडण रिक्षात परत सुरू.

तेच, रात्री जेवल्यावर

भांडण काय ते लिहून ठेवते, म्हणजे डोकं शांत होईल.

विटी-दांडू खेळताना विटी उजव्या डोळ्यात बसली. तो नऊ, मी सात. बाबा मिलमध्ये. साहेब भला माणूस, मद्रासच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली, येताना विमानाची सोय केली. मद्रास ते हैदराबाद विमान, पुढं मिलची अ‍ॅम्बेसेडर. आई, अण्णा आणि मी. मला कुणाकडे ठेवावं तर अण्णा म्हणाला, निली नसली तर मी जाणार नाही.

येताना अण्णाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मान हलवायची नाही, उठायचं नाही. आई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली. विमानात बसायचं म्हणून! तेव्हा लोक लग्नाला जावं तसे जायचे. ताटलीतून गोळ्या आणि कानात घालायला कापूस फिरवायचे. आईने कापूस घेतला, पट्टा बांधला, डोळे मिटले ते हैदराबादला उघडले.

मग त्या हवाई सुंदरीने विचारलं, पायलटकाका बोलावतायत, कोण येतंय? अण्णाला हलता येत नव्हतं. मी गेले. मी एकटी गेले. पायलटने मला मांडीवर घेतलं, टोपी घातली. हे मला ठाम आठवतं.

आणि अण्णाला ठाम आठवतं की तो बघून आलाय. घड्याळंच घड्याळं, पायलटच्या हातावरचे पांढरे केस, समोर ढग "पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखे", सगळं सांगतो. "अरे, डोळ्याला पट्टी होती तुझ्या!" "असू दे की. बघितलं म्हणजे बघितलं." आईला न्याय करायला सांगायचो. ती म्हणायची, मी डोळेच उघडले नाहीत तर कुणाची बाजू घेऊ? आता आईही नाही.

आज रिक्षात नवीनच एक सांगितलं. म्हणे, पायलटच्या डोक्यावर दोरी होती, घंटीची. टिण टिण वाजवली की विमान सुटायचं.

"दोरी? विमान आहे का एस.टी.?"

"तू लहान होतीस. तुला काय आठवतंय."

ऐका.

१३ जाने., मंगळवार

तिकिटं काढली. शुक्रवारी सकाळची. मोबाइलवरच सगळं. खिडकीची जागा मागितली तर तिला वेगळे पैसे. खिडकीलासुद्धा! तरी घेतली.

मोहोळला जाऊन आले. अण्णाने एका गिऱ्हाइकाला वडिलांच्या वर्षश्राद्धाला चौकट देतो म्हणून शब्द दिलेला. तो कुठला जातोय आता, मीच निघाले. चौकट मांडीवर, आतले फेटेवाले आजोबा माझ्याकडे टक लावून. गाडी जुनी, अजून दोरीवाली. कंडक्टरने पाकणीजवळ दोरी ओढली. टिण टिण.

आणि मला सगळं लख्ख आठवलं.

दोरी मीच घातली होती.

मद्रासहून आल्यावर अण्णा किती तरी दिवस पट्टी बांधून पडून होता. मी शाळेतून आले की म्हणायचा, "निले, विमान सांग." मी सांगायचे. रोज तेच काय सांगणार? खऱ्या गोष्टी एका दिवसात संपल्या. मग मी भर घालायला लागले. सात वर्षांच्या पोरीने पाहिलेलं जग केवढं, सोलापूर ते तुळजापूर एस.टी. म्हणून दोरी आली. सिद्धेश्वराचा फोटो आला, त्याला झेंडूचा हार. पायलट स्टोव्हवर चहा करतो, तेही आलं बहुतेक. तो पट्टीखालून म्हणायचा, "मग?" आणि मी पुढं हाकायचे.

म्हणजे त्याने विमान बघितलं ते माझ्या तोंडून. आणि ते इतकं बघितलं की आज चौसष्टाव्या वर्षी मला सांगतोय.

मोहोळ स्टँडवर उतरले तेव्हा रडत होते. गिऱ्हाइकाला वाटलं, मी त्यांच्या वडिलांसाठी रडतेय. त्यांनी मला आग्रहाने चहा पाजला.

घरी काही बोलले नाही. यापुढं भांडायचं नाही, ठरवलंय. बघितलं म्हणतो ना, बघितलं.

१४ जाने., बुधवार

संक्रांत. वहिनी त्या गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून सिद्धेश्वराला जाऊन आली. अण्णाच्या उशाशी अंगारा आणि खोबऱ्याची वाटी.

अण्णा तिळगूळ देताना म्हणाला, "गोड बोल, आता तरी." मी म्हटलं, "होती दोरी."

त्याने माझ्याकडे मान वळवून बघितलं. पडदा निम्म्यावर आलाय, म्हणून सगळी मान वळवावी लागते. इतक्या लवकर मी हरले म्हणून संशय आला असणार.

१५ जाने., गुरुवार

पिशव्या भरणं. वहिनीने शेंगाचटणी, कडक भाकरी, अर्धा गाव बांधून घेतलाय. "वन्सं, मुंबईत खायला काय मिळतंय की." मुंबईत खायला मिळतं गं बाई, लोक जिवंत आहेत तिथं.

अण्णा दिवसभर घरातून फिरतोय. देव्हारा, आईचा फोटो, खिडकी, दुकानाची पाटी. हात लावत नाही, नुसता उभा राहतो. वहिनीसमोर तर बराच वेळ उभा होता. "काय बघताय?" म्हणाली. "काय न्हाय. जरा उजेडात ये," म्हणाला. ती आली.

मी मागच्या दाराने अंगणात गेले.

१६ जाने., शुक्रवार. मुंबई, दवाखान्याजवळचा लॉज

पाय दुखतायत पण लिहिते.

विमानतळ चकचकीत. पोचवायला येणाऱ्यांना बाहेरच थोपवतात, नाही तर आमची अख्खी गल्ली आत आली असती. सगळ्या लग्नकार्याला नेसते ती हिरवी पैठणी मी मुद्दाम नेसले होते. बाकी जनता अर्ध्या चड्डीत. एक मुलगा तर सपाता घालून. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी गेली आणि वहिनीची खोबऱ्याची वाटी पकडली. सुकं खोबरं नेता येत नाही म्हणे, पेट घेतं. वहिनी हात जोडून म्हणते, "अहो साहेब, प्रसाद हाय, देवाचं कसं पेटंल?" साहेबांनी बाजूला ठेवली. चटणी सुटली.

विमानाच्या दारातल्या मुलीला मी विचारलं, पुढं जाऊन बघता येईल का, माझ्या भावाला. ती फार गोड बोलली. "आता नाही जमत मॅडम. उडताना ते दार कुणासाठीच उघडत नाही." दार बघितलं. तिजोरीचं असावं तसं, आकड्यांची बटणं. तेव्हा साधा पडदा होता, हाताने सारला की पायलट. माणसांनी विमानं पळवून काय काय करून ठेवलं आणि पोरांचा पायलटकाका गेला.

अण्णाला खिडकीशी बसवलं. खाली होटगीचा तलाव आला. "पाणी दिसतंय का?" "चमकतंय काही तरी," म्हणाला. मग ढग. मग तो खिडकीला कपाळ टेकून बसला. वहिनीने डोळे मिटले होते. अगदी आई.

मुंबईला उतरल्यावर ती गोड मुलगी धावत आली. सगळे उतरू द्या, कॅप्टननी बोलावलंय.

कॅप्टन बाई निघाली! मी शाळेत शिकवलेल्या पोरींच्या वयाची, आणि मराठी. "या काका." अण्णाला हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं. आत घड्याळ एक नाही. सगळे टी.व्ही. मी दारात उभी. तो मान वळवून वळवून बघत होता, डावीकडून, उजवीकडून, जेवढी फट उरलीय तेवढ्यातून. मग त्याने हात वर नेला. डोक्यावर चाचपडायला लागला.

"काका, वरची बटणं नका हं."

"नाही. दोरी," म्हणाला.

"कसली दोरी?"

"घंटीची."

ती हसली, चेष्टेने नाही, प्रेमाने. "नाही हो काका. अशी दोरी विमानात कधीच नव्हती."

त्याने हात खाली घेतला. "बरं," म्हणाला. तिला आशीर्वाद दिला. टॅक्सीत खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही.

मला वाटतंय आज आपण त्याचं काही तरी मोडलं. नसतं विचारलं त्या मुलीला तर बरं झालं असतं. डोळा राहतो की जातो ठाऊक नाही, आणि आहे ते बघितलेलंही मी काढून घेतलं.

१७ जाने., शनिवार

ऑपरेशन झालं. आत नेताना वहिनीचा हात सोडेना. बाहेर आणलं तेव्हा डोळ्यावर पट्टी आणि पालथा. पालथंच राहायचं, वायू पडद्याला दाबून धरतो म्हणे. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडून नीट झालंय. किती दिसेल ते आज सांगता येत नाही.

वहिनी देवाचं नाव घेत बसलीय. मी बाकावर बसून चटणी-भाकरी खाल्ली. मुंबईत खायला मिळतं, पण गिळवत नव्हतं. वहिनीचंच खरं.

१८ जाने., रविवार

दुपारी वहिनीला डुलकी लागली. अण्णा तसाच, तोंड खाली उशीत. मला वाटलं झोपलाय.

"निले."

"काय रे? दुखतंय?"

"परवाचं विमान सांग."

मी सांगायला लागले. वर्गात सांगावं तसं, नीट. समोर पाच टी.व्ही., मध्ये तरफा, दोन खुर्च्या, कॅप्टनच्या खांद्यावर चार पट्ट्या.

"असं नको."

"मग?"

"तेव्हा सांगायचीस तसं. दोरीसकट."

मी म्हटलं, "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"नऊ वर्षांचा होतो, खुळा नव्हतो. विमानाला घंटी कुठं असते की."

"मग इतकी वर्षं भांडलास कशाला माझ्याशी?"

"तू बघितलंस ते मी बघितलं नाही होय?"

"आणि परवा हात वर कशाला नेलास?"

उशीतून काही बोलला ते कळेना. मी खाली वाकून कान नेला.

"म्हटलं, असली तर."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढासा झालाय. मग सांगायला बसले. घड्याळं सांगितली, पांढऱ्या केसांचा हात सांगितला, सिद्धेश्वराचा फोटो आणि झेंडू. "दोरीचा रंग?" म्हणाला. "कळकट, आपल्या तुळजापूर गाडीसारखा." हसला. हसू नका म्हणून सिस्टर ओरडून गेली. आवाजाने वहिनी जागी झाली, तीही ऐकत बसली, मध्येच म्हणते, "वन्सं, चहाचा स्टोव्ह राहिला." म्हणजे तिलाही सांगून ठेवलंय याने सगळं!

उद्या सकाळी पट्टी काढणार.

मद्रासहून उडालोय, ढगात आहोत. हैदराबाद आलं होतं, पण अण्णा म्हणाला, आज उतरवू नको.