झुलीचं जॅकेट

युट्रेख्ट,
१४ जानेवारी २०२४

ती. नंदाआत्यास,
ऋजुताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं आहे, ठेव आता’ एवढंच बोलतेस. शिवाय फोनवर सांगितलेल्या मापाची बाही हमखास लांब होते, हे तुझंच म्हणणं. म्हणून पत्र.

मला एक जॅकेट शिवून हवंय. मार्चमध्ये ब्रेडाच्या एका हॉलमध्ये माझा कार्यक्रम आहे. पहिल्यांदाच पूर्ण दुपार माझी एकटीची, माझ्या स्वतःच्या गाण्यांची. पाच वर्षं मी वाचनालयांत, कॅफेंत, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत गातेय. शनिवारी गिटार पाठीला बांधून सायकलवर स्टेशन गाठायचं, मग ट्रेन. ट्रेनच्या खिडकीतून सपाट हिरवं रान आणि पाण्याचे चर सरकत राहतात, आणि नवी गाणी तिथेच सुचतात. लिहिते मीच, रेकॉर्ड मीच करते, पोस्टरही मीच चिकटवते. लोक छान म्हणतात आणि कोट घालता घालता विसरतात.

हूफडॉर्पच्या माझ्या ऑफिसनं मला टीमची प्रमुख करायचं ठरवलंय. मग शनिवार-रविवार माझे राहणार नाहीत. मार्चअखेर उत्तर द्यायचंय. ब्रेडाला कुणी कान देऊन ऐकलं नाही, तर मी हो म्हणणार आणि गिटार कपाटावर ठेवणार. आईबाबांना सांगू नकोस, ते आजच पेढे वाटतील.

तू विचारलं होतंस, मी गाते ते कंट्री म्हणजे नक्की काय. गुरं राखणाऱ्या आणि लांबच्या वाटेनं घरी परतणाऱ्या माणसांची गाणी, असं समज. मूळ अमेरिकेतली, पण इथेही हौशी मंडळी आहेत. सत्तरीच्या आज्या मोठ्या टोप्या घालून रांगेत नाचतात. गाणाऱ्यांच्या जॅकेटला बाहीभर नि पाठभर झालर असते. मापं आणि चित्र सोबत आहे. रंग तुझ्यावर सोपवते.

पार्सलची आणि शिव्यांची, दोन्हींची वाट बघते.

तुझी,
ऋजुता


विटा,
११ फेब्रुवारी २०२४

चि. ऋजुतास अनेक आशीर्वाद.

चित्र मिळालं. गिटार ओळखू आली, बाही मात्र पायजम्यासारखी काढली आहेस. शाळेतही तुझ्या चित्रकलेची हीच तऱ्हा होती.

गुरांची गाणी म्हटल्यावर झालर कसली हवी, ते मला वेगळं सांगायला नको. बेंदराच्या सणाला बैलांच्या झुली शिवतात तसं केलंय. लाल-पिवळ्या लोकरीचे गोंडे, आणि प्रत्येक गोंड्यात एक घुंगरू. घुंगरं आपल्या सर्जाच्या झुलीची आहेत. घरचे बैल विकले तेव्हापासून झूल ट्रंकेत पडून होती. चिंचेनं घासल्यावर घुंगरं नव्यासारखी निघाली. शिलाईच्या दुकानातल्या बायका विचारत होत्या की कुणाचा बैल एवढा बारीक आहे. मी म्हटलं, भाचीचं आहे, हॉलंडला घालून गाणार आहे.

तुला आठवत नसेल, मळ्यातून येताना तू बैलगाडीत माझ्या मांडीवर झोपायचीस. गाडी हलत असायची तोवर गाढ. दारात गाडी थांबली, घुंगरं गप्प झाली, की टक्क जागी. असं उलटं मूल मी दुसरं पाहिलं नाही.

नोकरीतलं मला कळत नाही. थंडीत जॅकेट काढू नकोस, अस्तर जाड घातलंय.

तब्येतीला जप. कार्यक्रमाचं जे होईल ते खरं खरं कळव.

तुझी,
आत्या


युट्रेख्ट,
२० मार्च २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पार्सल उघडलं आणि मी आधी हसले, मग कपाळाला हात लावला. अगं, झालर म्हणजे नुसत्या चामड्याच्या पट्ट्या असतात! पण दुसरं शिवायला वेळ नव्हता.

रविवारी ब्रेडाला पोचले. तिथल्या साउंडवाल्यानं, हँक त्याचं नाव, बाही हलवून बघितली आणि सांगितलं की माइकमध्ये हे सगळं वाजणार, काढून ठेव. काढलं. पहिली चार गाणी तशीच म्हटली. आज्या-आजोबा रांगेत सुरेख नाचले. ते पावलं मोजत होते, गाणं कुणीच ऐकत नव्हतं. हूफडॉर्पला काय कळवायचं, ते मी मनात लिहूनही टाकलं.

हॉलमध्ये गारठा होता. बोटं आखडली, म्हणून हँककडे न बघता मी जॅकेट पुन्हा चढवलं. पाचवं गाणं सुरू केलं, आणि आत्या, घुंगरं माझ्या ठेक्यात वाजेनात. हात तारांवरून खाली यायचा आणि गोंडा झुलून जरा मागाहून बोलायचा. दोनदा चुकले. मग मी त्यांच्यासाठी थांबायला लागले. गाणं संथ झालं, आणखी संथ झालं. मला डोळे मिटल्यावर धुळीची पांढरी वाट दिसत होती, आणि मांडीवरच्या लुगड्याचा वास येत होता.

डोळे उघडले तर नाच थांबला होता. त्या चालीवर त्यांची पावलं बसेनात. वाटलं, संपलं. पण खुर्चीकडे कुणी गेलं नाही. सगळे रांगेतच उभे होते, टोप्या घालून, माझ्याकडे बघत. एका आजीनं टोपी काढून छातीशी धरली होती. शेवटचं घुंगरू थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

नंतर एका रेकॉर्ड कंपनीचे गृहस्थ भेटले. घुंगरं काढून, चाल वाढवून गाणार असशील तर अल्बम काढू म्हणाले. मी त्यांना नाही म्हटलं. सोमवारी ऑफिसलाही प्रमुखपदाला नाही म्हटलं. माझं जुनं काम आहे तसंच आहे, घाबरू नकोस.

ते गाणं आता घरीच रेकॉर्ड करणार आहे, जॅकेट घालून. झालं की पाठवते. शब्द इंग्रजी आहेत, ते राहू दे. चाल बरोबर आहे का, एवढं सांग. हे दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही.

माया अशीच असू दे.

तुझी,
ऋजुता


विटा,
२ जून २०२४

चि. ऋजुतास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लग्नसराईची शिलाई होती. गाणं मिळालं. आधी दुकानात लावलं. बायका ऐकता ऐकता मशिनवर पाय हळू मारायला लागल्या, तेव्हा मी ते बंद केलं. दोन ब्लाउज राहिले असते.

मग परवा संध्याकाळी घरी लावलं, भाजी निवडत. शब्द एकही कळला नाही. मधे केव्हातरी मी उठले, हात पुसले आणि दार उघडायला गेले. गाडी आली असं वाटलं. कडी काढल्यावर लक्षात आलं. अंगणात शेजाऱ्याची मोटरसायकल होती, बाकी कुणी नव्हतं.

चाल बरोबर आहे. दार तसंच उघडं ठेवलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

डाव्या बाहीचं एक घुंगरू सैल वाजतंय. येशील तेव्हा जॅकेट घेऊन ये.

तुझी,
आत्या